चाकामागचा वरवंटा

एकाहत्तरच्या लढाईत ह्यांना जबलपूरच्या फॅक्टरीचे ट्रक सरहद्दीकडे न्यायचा हुकूम आला. लिलावात घेतलेली जुनी जीप अंगणाच्या उतारावर उभी होती. ब्रेकचे लायनर झिजलेले, नवे यायचे होते. गाडी घसरू नये म्हणून मी चाकामागे वरवंटा लावला. “आता माझी चटणी कशानं वाटशील?” हे हसले. जाताना चाक खोलून ब्रेकचं काम समजावून गेले. लढाई थांबली, तरी ह्यांचा निरोप आला नाही. एका सकाळी फाटक वाजलं. धुळीनं माखलेले हे नवे लायनर घेऊन थेट चाकापाशी बसले. “काय करून राहिले? मागवलेले लायनर आले, ब्रेक मी केव्हाच बसवले.” “अच्छा! मग वरवंटा काहून काढला नाही?” “चटणी खाणारं घरी कोण होतं?” ह्यांनी वरवंटा ओढून काढला, नळाखाली धुतला, माझ्या पदराला पुसला आणि पाट्यावर ठेवला. “लसूण जास्त घाल,” म्हणाले.