कासोसची दोन तिकिटं

"आधी मन कसं आहे ते सांग," एव्दोकिया म्हणाली. "बेट की शहर, ते त्यावर ठरतं."

पिरेयस बंदरासमोरच्या त्या प्रवास कचेरीत ती प्रत्येकाला हेच विचारायची. दमलेल्यांना बेटावर धाडायची, कंटाळलेल्यांना शहरात. लोक परत येऊन आभार मानायचे.

समोर बसलेली मिर्तो हसली. "मन कसं असणार, बाई? ऑगस्टमध्ये लग्न आहे माझं. आर्गिरिस म्हणतो, थेस्सालोनिकीला जाऊ. समुद्राकाठी फिरू, खात-पीत बसू."

"कोण आर्गिरिस?"

"व्लाखोस. इथं गोदीतच असतो. ओळखता?"

"नाही," एव्दोकिया म्हणाली.

कित्येक वर्षं ती त्याची बायको होती. थेस्सालोनिकीला नेतो, असं तो तिलाही दर उन्हाळ्यात सांगायचा. कधी नेलं नाही. या पोरीला मात्र नेणार होता. पोरीचे दंड उन्हानं तांबूस झाले होते आणि बोलताना ती केस मागे सारत होती. एव्दोकियाला ते बघवेना.

तरी तिनं संगणकावर थेस्सालोनिकीची हॉटेलं उघडली. न राहवून विचारलं, "पहिलंच लग्न का त्याचं?"

"छे, एक बायको होती. पण तो म्हणतो, प्रेम असं त्यानं माझ्यावरच केलं. ती नुसतीच घरात होती."

एव्दोकियानं हॉटेलं बंद केली.

"शहर नको, पोरी. नव्या जोडप्याला गर्दी कशाला हवी? कासोसला जा. लहानसं बेट, कुणी ओळखीचं नाही. तू आणि तो, बस."

"तुम्ही गेलाय?"

"एकदा."

"आवडलं?"

"फार."

ऑगस्टमध्ये कासोसला उत्तरेचा वारा सुटला की बोटी येत नाहीत. ती आर्गिरिसबरोबर गेली होती, तेव्हाही आल्या नव्हत्या. खाणावळवाल्याशी एव्दोकिया दोन शब्द हसून बोलली, एवढंच निमित्त झालं होतं. मग बोट येईपर्यंत खोलीची किल्ली आर्गिरिसच्या खिशात राहिली. खाणावळवाल्यानं दार वाजवलं, तेव्हा त्यानं आतूनच सांगितलं, हिला बरं नाही.

हे सांगायला एव्दोकियानं तोंड उघडलंही. तेवढ्यात मिर्तोनं विचारलं, "बाई, आम्ही तिथं सुखात राहू ना?"

'आम्ही' हा शब्द एव्दोकियाला झोंबला.

"राहाल की," ती म्हणाली. "जन्मभर आठवण राहील. काढू दोन तिकिटं?"

मिर्तोच्या चेहऱ्यावरचं हसू केव्हाच गेलं होतं. मग तिनं बोटातली अंगठी काढली आणि पर्समध्ये टाकली.

"नको, एव्दोकियाबाई. तुमचा फोटो त्याच्या आईच्या घरी अजून भिंतीवर आहे, त्यावरून तुम्हाला शोधत आले. तो नवरा म्हणून कसा होता, हे सरळ विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं नसतं."

एव्दोकियानं कीबोर्डवरचा हात मागे घेतला.

"खरं तर तो म्हणतो, कासोसला तुम्ही दोघं सगळ्यात सुखी होतात," मिर्तो उठत म्हणाली. "तसं असतं, तर ती जागा तुम्ही मला कधीच दिली नसती."