‘इतर’ गटातली दौड

दौड सुरू व्हायला पाच मिनिटं उरली, तरी गरिमा कुठल्या गटातली हे ठरत नव्हतं.

गावातल्या मराठी मंडळाची मुलींची दौड सिटी सेंटरपासून इंदरगंजपर्यंत. पहिली येईल ती भोपाळला, राज्याच्या स्पर्धेला. गरिमा त्यासाठी वर्षभर धावत होती. पण मागच्या खेपेला एका कोकणस्थ मुलीनं देशस्थ मुलीला मागे टाकलं आणि दोन घरांचं बोलणंच बंद झालं. म्हणून यंदा गट पाडले. देशस्थ, कोकणस्थ, कऱ्हाडे, मराठा. मग देशस्थांत पोटशाखा निघाल्या, मराठ्यांत सरदार वेगळे आणि शिलेदार वेगळे. आठ मुलींसाठी सात गट झाले. गरिमाचे वडील मराठा, आई भिंडची, हिंदी घरातली. तिला कुणीच आपल्यात घेईना. चिटणीस गोपाळकृष्णराव सज्जन माणूस. त्यांनी कागदावर ‘इतर’ लिहिलं आणि घाम पुसला.

तेवढ्यात धावणाऱ्यांतल्या अंतराच्या वडिलांनी, गुरुप्रसादांनी, शंका काढली. प्रत्येक गटात मुलगी एकटीच, म्हणजे ती पहिली आलीच की. मग धावायचं कशाला? सगळ्या एकत्र धावल्या, तर कोण कुणाच्या मागे ते अख्ख्या गावाला दिसणार. हे सगळ्या बापांना पटलं. सातही मुलींना उभ्या जागी चषक मिळाले आणि मंडळी पोह्यांकडे वळली.

गरिमाला कुणी थांब म्हटलं नाही. ती धावली, आणि काय धावली! मागे स्कूटरवर घड्याळ घेऊन गोपाळकृष्णराव. त्यांनाच धाप लागली.

भोपाळच्या फॉर्मवर गटाचा रकाना नव्हता. नाव आणि वेळ, एवढंच. वेळ एकीचीच होती. गोपाळकृष्णरावांनी गरिमाचं नाव लिहिलं, तेव्हा सात बापांनी पोह्यांच्या बशा खाली ठेवल्या. बरं झालं, दुसरं काय!

अंतरा चषक मांडीवर घेऊन रडत होती. तिलाही धावायचं होतं, पण तिला कुणी विचारलंच नव्हतं. गुरुप्रसादांनी चिटणिसांना बाजूला घेतलं.

“पुढच्या साली अंतराला ‘इतर’मध्ये घ्या,” ते हळूच म्हणाले. “आमची आजीही तिकडचीच, मुरैन्याची हिंदीवाली होती. घरी कुणाला बताऊ नका.”

गोपाळकृष्णरावांनी येत्या सालची वही पुढे केली. ‘इतर’खाली बाकीच्या सहा बापांनी आपापल्या मुलींची नावं आधीच लिहून ठेवली होती.