सीटवरचं वजन

बॅटरीवरच्या खेळण्यातल्या गाड्या दुरुस्त करण्यात मिस्त्रीचा हात धरणारा कोणी नव्हता. पण या लाल गाडीनं सकाळपासून त्याला घाम फोडला होता. बॅटरी नवी, वायरी शाबूत. चाकं उचलून धरली की भिंगरीसारखी फिरायची. जमिनीला टेकली की चार हात जाऊन फ्यूज उडायचा.

शेवटी त्यानं मीटर जोडून रिमोट दाबला. काटा सर्रकन चढला.

"साहेब, ही गाडी पंधरा किलोच्या आतल्या पोरांची. तुम्ही वीस किलोचं पोर बसवता, मग फ्यूज उडणारच. आत्ताही मीटर तेवढ्या वजनाला लागणारा करंट दाखवतोय!" बोलता बोलता त्याची नजर रिकाम्या सीटवर गेली.

"मी कोणाला बसवत नाही," गाडी घेऊन आलेला बाप म्हणाला. "मुलगी गेली त्याला चार वर्षं झाली. तेव्हा बारा किलोची होती. रोज संध्याकाळी रिमोटनं अंगणात एक फेरी मारतो, एवढंच. गेल्या महिन्यापर्यंत नीट चालायची."

मिस्त्रीनं रिमोट खाली ठेवला.

बापाचे डोळे भरून आले. त्यानं सीटवरून, जरा उंचावरून, हळुवार हात फिरवला.

"हिच्याहून मोठी गाडी दाखवा ना एखादी."