हजेरीबाहेर

"हजेरीपटावर नाव चढल्याशिवाय मशीनला हात लावू नकोस," थोरल्या जाऊबाईंनी बजावलं होतं.

ती हसली होती. "बी.ए. झालेय मी, ताई. मला कोण फसवणार?"

सुपरवायझरने फसवलं. तयार कपड्यांच्या त्या कारखान्यात तिचं नाव शेवटपर्यंत चढलं नाही. कामगार खात्याची तपासणी आली की बिननावाच्या बायकांना तो वरच्या खोलीत कोंबायचा, बाहेरून कडी घालायचा आणि दारापुढे कापडाचे तागे रचायचा. आत ना खिडकी, ना पंखा. सातव्या महिन्यात ती तिथेच कळवळत पडली होती. खाली साहेबलोकांचं चहापाणी आटोपेपर्यंत त्याने कडी काढली नाही.

लेक अपुऱ्या दिवसांची झाली. अजूनही झोपेत तिचा श्वास मध्येच अडखळे, आणि ही तिच्या छातीवर हात ठेवून जागी राही.

बाळंतपणाची रजा मागायला गेली, तर सुपरवायझरने कपाळाला आठ्या घातल्या. "कोण तुम्ही? अशी कुणी आमच्याकडे कामाला नव्हती."

आज ती पुन्हा कारखान्यात आली होती, कामगार निरीक्षकांच्या मागोमाग. तक्रार तिचीच होती. तरी फाटकातली सरकारी गाडी ओळखून सुपरवायझर सावध झालाच. साहेब हजेरीपट घेऊन मशीनच्या रांगांमधून फिरले. नावं आणि माणसं बिनचूक जुळली.

"झालं समाधान?" सुपरवायझर तिला म्हणाला. "जा घरी. बाळ रडत असेल."

"साहेब, वर बघा," ती म्हणाली.

साहेबांनी जिन्यावरचा कापसाचा भुगा पाहिला आणि खिशातला दम्याचा पंप चाचपला. "मला नाही जमायचं. माझा मोबाइल घेऊन तुम्हीच जा, बाई. दार उघडण्याआधीचा, उघडल्यावरचा, सगळे फोटो काढा."

ती वर गेली. जरा वेळाने 'मालकांना फोन लावतो' म्हणून सुपरवायझरही मागच्या जिन्याकडे सरकला.

साहेब हाका मारून दमले, तेव्हा कुठे ती खाली उतरली. मागून पाच बायका, घामाने निथळलेल्या. एकीने पदराचा बोळा तोंडात धरला होता.

"एवढा वेळ?"

"तागे फार जड आहेत, साहेब."

फोटो बघता बघता साहेबांचा चेहरा खुलला. "शाबास! आता कसा सुटतो बघू. गेला कुठे तो?"

"मागच्या जिन्याने पळाला. आम्ही पाहिलं ना."

पाचही जणींनी माना डोलावल्या.

"पळून पळून जाईल कुठे?"

वर काहीतरी धपकन वाजलं. साहेबांनी मान वर केली, तोच पाचही जणी एकदम बोलायला लागल्या. जादा कामाचा भत्ता, बंद संडास, शिव्या, सगळं एकाच दमात. साहेबांनी हात जोडले.

"अहो, एकेक करून बोला! सरकारी माणूस असलो तरी कान दोनच आहेत मला."

जबाब झाले. मशीनं थांबली, दिवे विझले, सगळे अंगणात आले.

"आत कुणी राहिलं नाही ना?" साहेबांनी तिला विचारलं. "विचारावं लागतं, नियम आहे."

"कुणी नाही."

कुलपावर लाखेचं सील बसलं. "सोमवारी सुनावणी. तोवर या दाराला कुणी हात लावायचा नाही," साहेबांनी पहारेकऱ्याला दटावलं आणि त्यालाही घरी पाठवून दिलं.

संध्याकाळी लेकीला मांडीवर घेऊन ती निवांत बसली. जाऊबाईंना नवल वाटलं.

"आज अगदी शांत दिसतेस गं. सुपरवायझरची आई येऊन गेली. पोरगा घरी पोचला नाही म्हणे. रडत होती बिचारी."

"तोंड लपवून बसला असेल कुठेतरी."

"मी पण तेच सांगितलं तिला. मेल्याला चांगली अद्दल घडली."

ती मांडी हलवत राहिली. तेव्हा तुमच्यापैकी कुणी त्या रस्त्याने जाणार असेल तर सोमवारआधी जरा वर डोकावून सुपरवायझर जिवंत आहे का तेवढं बघा; बाळाला सोडून कडी काढायला जाणं तिला काही जमायचं नाही.