अंधारात मोजायची रीत

शाळेच्या गाण्याच्या हॉलमधले दिवे सकाळी सव्वाअकराला गेले आणि पालोमा ओरडली, "तीन!"

ओरडली आणि तिने जीभ चावली. पण तोवर भांडं फुटलं होतं. शिकागोत, शाळा आहे त्या चौऱ्याऐंशीव्या मजल्यावर दिवे कधी जात नाहीत. जातात ते खाली, लोअर नावाच्या तळाच्या वस्तीत, दिवसातून दोनदा. तिथे अंधार झाला की घरातलं सगळ्यात मोठं माणूस 'एक' म्हणतं, मग वयाप्रमाणे दोन, तीन, चार, आणि शेवटचा आकडा येईपर्यंत कुणी पाऊल उचलत नाही. पोरांना नाव सांगता येण्याआधी आपला आकडा सांगता येतो. पालोमाच्या घरी आजी एक, आई दोन आणि ती तीन. जित्याची खोड, दुसरं काय!

वरच्या लोकांना ही रीत ठाऊक असते ती विनोदी मालिकांमुळे. त्यात लोअरची माणसं अंधारात आकडे ओरडतात आणि वरची माणसं पोट धरधरून हसतात.

"तीन?" शेजारून ऑगस्टाचा आवाज आला. दोन वर्षं ती पालोमाच्या शेजारी बसत होती, तिच्या डब्यातलं खात होती आणि आपली सगळी गुपितं तिच्या कानात ओतत होती. "पालोमा, तू तीन म्हणालीस?"

मागून कुणीतरी खिदळलं. "अगं बाई! आपल्यात लोअरवाली!"

पालोमाने शाळेत मावशीचा पत्ता दिला होता. मावशी अठ्ठ्याऐंशीव्या मजल्यावर एका घरी राहून त्यांची मुलं सांभाळायची. खोटा पत्ता सापडला की शाळेतून नाव कापतात. 'गंमत केली गं' एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं, आणि ती ते म्हणणारच होती.

तेवढ्यात दाराशी धाडकन काहीतरी आदळलं. दारं विजेवर चालणारी. ती उघडत नाहीत म्हटल्यावर लहान पोरांनी बोंब ठोकली. गाणं शिकवणाऱ्या होलोवेबाई नेमक्या बाहेर गेल्या होत्या आणि बाहेरच अडकल्या होत्या. आत पोरं वाट फुटेल तिकडे धावू लागली, खुर्च्या कोसळल्या. आणि स्टेजच्या पुढे तर वादकांना बसायचा दहा फूट खोल खड्डा.

"थांबा!" पालोमा ओरडली. "आहात तिथे खाली बसा! मी एक. पुढचा बोला!"

मागून पुन्हा कुणीतरी खिदळलं.

"तोंडं शिवलीत का? हसायचं ते नंतर हसा. एक!"

"दोन," ऑगस्टा म्हणाली.

मग कुठूनतरी तीन आला, चार आला. आठच्या वेळी दोघं एकदम बोलले, त्यांना पालोमाने दामटलं. पंधरापर्यंत रडणं थांबलं होतं. सव्वीसपर्यंत आकडे आले आणि मग शांतता. गाणारी पोरं होती सत्तावीस.

"ओरिन नाही बोलला," ऑगस्टा म्हणाली. ओरिन आठ वर्षांचा, सगळ्यात लहान, पुढच्या रांगेतला.

"ओरिन, बाळा, बोलता येत नसेल तर पाय आपट."

खड्ड्याच्या बाजूने, खालून, लाकडावर बूट आपटल्याचा बारीक आवाज आला. पालोमा पोटावर सरपटत निघाली. कड हाताला लागली आणि कडेला घट्ट धरलेली इवलीशी बोटं. पोरगा लटकत होता. तिने त्याची मनगटं पकडली.

"ऑगस्टा, माझे पाय धर!"

ऑगस्टा चाचपडत आली. तिने दोन्ही घोटे पकडले. "वर आलीस की तुझ्याशी भांडणार आहे मी. दोन वर्षं! एक शब्द सांगितला नाहीस!"

"भांड. आधी ओढ."

ऑगस्टाने ओढलं. मागच्या चौघांनी ऑगस्टाला ओढलं. ओरिन कडेवरून वर आला, पालोमाच्या अंगावर पडला आणि हुंदके देत म्हणाला, "सत्तावीस."

हॉलमध्ये असा जल्लोष झाला की दिवे आलेले आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही.

होलोवेबाई हजेरीची वही घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी बाहेरून सगळं ऐकलं होतं.

"मोजायला कुणी सुरुवात केली?"

"मी," पालोमा म्हणाली. तिच्या दोन्ही कोपरांवरून रक्त येत होतं.

"कुठे शिकलीस हे?"

"घरी."

बाईंनी वही उघडली. "मग इथे लिहिलेला पत्ता?"

"खोटा आहे."

"बाई, हिचं नाव कापलंत तर कारण लिहावं लागेल," ऑगस्टा मध्येच म्हणाली. "काय लिहाल? अंधारात सत्तावीस पोरं सांभाळली म्हणून?"

"ऑगस्टा, मला माझं काम शिकवू नकोस."

पण बाई ओरिनकडे बघत होत्या. त्याने पालोमाचा स्कर्ट मुठीत धरला होता आणि तो काही केल्या सोडत नव्हता. बाईंनी पेन काढलं आणि एक ओळ खोडली. पालोमाने मान लांब करून पाहिलं. पत्ता खोडला होता. नाव तसंच होतं.

"वरिष्ठांना काय सांगायचं ते माझं मी बघते," बाई म्हणाल्या. "खरा पत्ता सांग." मग सगळी पोरं कान टवकारून बसलेली पाहून त्यांनी आवाज खाली आणला. "हळू सांगितलंस तरी चालेल."

"नको बाई," पालोमा म्हणाली. "दोन वर्षं हळूच बोलतेय."

आणि लोअर, दुसरा थर, नदीकडची बाजू, घर नंबर चौदा, हे तिने असं खणखणीत सांगितलं की शेवटच्या रांगेतल्या पोरांनाही पुन्हा विचारावं लागलं नाही.