पदराआडचा कॅमेरा

मालनताईंनी पुन्हा वर पाहिलं आणि मेघनाने घाईने मान खाली घातली.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या त्या गाळ्यात लांब टेबलाभोवती बायका बसल्या होत्या. समोर लहान मुलांच्या बिस्किटांच्या पुड्यांचा ढीग. कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवायचा, पुड्यावरची उलटून गेलेली तारीख पुसायची, पुडा पुढे सरकवायचा. टोकाला बसलेली करिश्मा त्यावर नवी तारीख छापायची. मेघना सकाळपासून तेच करत होती. थिनरच्या वासाने तिचं डोकं दुखायला लागलं होतं. पदराच्या पिनेतला छोटा कॅमेरा चालू होता.

मेघना एका मराठी वृत्तवाहिनीची शोधपत्रकार. गेल्या वर्षी तिने बनावट औषधांचा कारखाना उघडकीला आणला आणि तिचा चेहरा घरोघरी पोचला. घराजवळ कोपरीत भाजी घ्यायला गेली तरी लोक सेल्फी मागायचे. तिचे संपादक रवींद्रसर एक दिवस म्हणाले, "आता तुला लपून कुठे जाता येणार नाही. स्टुडिओत बस, बातम्या वाच." तिने हट्टाने शेवटची एक संधी मागून घेतली. आईची साडी, जाड काड्यांचा चष्मा, तेलाने चोपलेले केस. नाव सांगितलं गंगुबाई. आणि आज पहिल्याच दिवशी ही मालनताई तिच्यावरून नजर हलवत नव्हती.

दुपारी सुपरवायझर जेवायला बाहेर गेला. मालनताई उठल्या. त्यांनी दाराला आतून कडी घातली. टेबलावरचे सगळे हात थांबले.

मेघनाने बंद दाराकडे पाहिलं. कॅमेरामन मयूर बाहेर रस्त्यावर गाडीत होता. हाक मारली तरी त्याला ऐकू जाणार नव्हती.

"गंगुबाई," मालनताई शांतपणे म्हणाल्या, "तुमचा कॅमेरा पदराआड जातोय. मी मघापासून बघतेय. काही दिसत नसेल त्यात."

मेघना काही बोलायच्या आत करिश्माला हसू फुटलं. मग सगळ्याच हसायला लागल्या. "दारातच ओळखलेलं तुला," करिश्मा म्हणाली. "आणि तुझ्या वयाची गंगुबाई असते का कुठे?"

"महिनाभर तुमच्या चॅनलला फोन लावतेय मी," मालनताई म्हणाल्या. "कोणी उचलत नाही. पुड्यावर हसरं बाळ असतं बघ. तारीख पुसताना त्याच्याकडे बघवत नाही. मालकाला बोलले तर तो उद्या दुसऱ्या बायका बसवेल. आता तू आलीयस तर नीट काढ."

त्यांनी स्वतःच्या हाताने तिची पिन वर खोचली. मग सगळ्याजणी कामाला लागल्या. एकीने मागच्या खोलीतली पोती उघडली, करिश्माने तारखांचे शिक्के कॅमेऱ्यासमोर धरले. सुपरवायझर परत आला तेव्हा कडी काढलेली होती, बायका मुकाट्याने पुडे पुसत होत्या आणि मेघना मोठ्या कष्टाने हसू दाबत होती.

दुसऱ्या दिवशी फुटेज मिळताच अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनी गाळ्याला सील ठोकलं. रवींद्रसरांनी फुटेज पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. "स्टुडिओचं मी बोललो ते विसर," ते म्हणाले. "तू पुढचा विषय शोध."

बातमी दाखवायची वेळ जवळ आली तशी मेघना एकीकडे खूश होती, एकीकडे तिला चुटपुट लागली होती. त्या बायकांचं काम तर गेलंच होतं. आता चेहरे दिसले तर दुसरीकडेही कोणी उभं करणार नाही. तिने मालनताईंना डोंबिवलीच्या घरी फोन लावला. मागे बराच गलका ऐकू येत होता.

"ताई, घाबरू नका. तुमचे सगळ्यांचे चेहरे आम्ही झाकतोय."

"झाकू नकोस."

"अहो, पण काम..."

"काम बघू आम्ही. पुसलं आमच्याच हातांनी, थांबवलंही आम्हीच. दोन्ही दिसू दे." मग मालनताईंचा आवाज हसरा झाला. "तोंड लपवायचं ते मालकाने लपवावं. आम्ही सगळ्याजणी इथे ठेवणीतल्या साड्या नेसून टीव्हीसमोर बसलोय."