सहानंतर

कुसाबाईंनी सैन्याचं पत्र ते घेऊन आलेल्या धम्मपालच्या हातात परत ठेवलं.

"हे माझ्या संतोषचं नाय."

पत्रात सगळं होतं. नाव, नंबर, विंचूरजवळचं गाव. वायरलेसवाला जवान पडल्यावर जखमी संतोषने वायरलेस हातात घेतला आणि शत्रूच्या जागेचे आकडे मागच्या तोफांना स्पष्ट आवाजात सांगितले. शेवटच्या श्वासापर्यंत. म्हणून मरणोत्तर शौर्यपदक. ते घ्यायला परवा दिल्लीला निघायचं होतं.

"स्पष्ट आवाजात म्हणे," कुसाबाई म्हणाल्या. "घाबरला की माझ्या पोराला सात म्हणता येत नव्हतं. पाढे म्हणताना सहापर्यंत यायचा अन् स-स करत उभा राहायचा."

"मग भरती कसा झाला?" त्यांची लेक उज्वला म्हणाली.

"साहेबांनी सात म्हणायलाच लावलं नाय, असं हसून सांगायचा. दुसऱ्या कुणाच्या लेकराचं मेडल हाय हे. त्याची आई तिकडं वाट बघत असंल. मी कसं घेऊ?"

कुसाबाई चहा करायला आत गेल्या.

उज्वलाला आठवलं. लहानपणी संतोष अंगणात कांद्याच्या गोण्या मोजायचा. सहाला अडला की चुलीपुढून आई म्हणायची, "सात." मग तो पुढे जायचा. आईची ती सवय अजून सुटली नव्हती. पत्रातली लढाईची तारीख उज्वलाला पाठ होती. त्या सकाळी दोघी कांदाचाळीत कांदे निवडत होत्या. आई मधेच "सात" म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा. असं चार वेळा. उज्वलाने वळून पाहिलं, तर गोण्या अकरा होत्या.

धम्मपाल उंबऱ्याशी बसला होता. नाशिक रोडचा हा जवान त्या दिवशी तोफांपाशी होता, वायरलेसच्या दुसऱ्या टोकाला.

"मावशी, ते आकडे मीच लिहून घेतले," त्याने आत ऐकू जाईल असं सांगितलं. "अजून पाठ आहेत. तीन, आठ, सहा..."

तो थांबला.

"सात," आतून आवाज आला.

धम्मपालने मान वर केली. मग शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

"तिथंच अडायचा तो," तो हळू म्हणाला. "मग बाईचा आवाज यायचा. आत्ता आला, हाच. त्या ठाण्यावर बाईमाणूस नव्हतं, मावशी. मी कुणालाच सांगितलं नाही. मला वेड्यात काढलं असतं."

कुसाबाई गाळणी हातात घेऊन दारात आल्या.

"किती वेळा?"

"चार."

उज्वला भिंतीला टेकली. कुसाबाईंनी गाळणी तिच्याकडे दिली, पदराला हात पुसले आणि पत्रासाठी पुढे केले.

"आण ते इकडं," त्या म्हणाल्या. "माझाच हाय तो."